बिनचेंडूची हॉकी

सांगलीचे पाहुणे बघायला येणार होते, त्या रविवारी सकाळचा सराव बंद ठेव, असं स्वप्नाला तिच्या आईने परत परत बजावलं होतं. स्वप्ना प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हणाली आणि रविवारी उजाडताच बुटांच्या नाड्या आवळून ग्राउंडवर गेली. तालुक्याची स्पर्धा तोंडावर आलेली. संघातल्या निम्म्या पोरींना पेनल्टी कॉर्नर म्हणजे नेमका कुठला कोपरा हे अजून कळत नव्हतं. आणि पाहुण्यांचं काय, ते येतच होते. येत होते, पोहे खात होते आणि जाताना ‘लग्नानंतर ते खेळाचं तेवढं बंद करावं लागंल’ असं सांगून जात होते. मग स्वप्नाच नकार कळवायची.

स्वप्ना रणपिसे साताऱ्यातल्या एका मुलींच्या शाळेत पी.टी.च्या बाई होती. स्वतः जिल्ह्याच्या संघातून सेंटर हाफ खेळलेली. हे खूळ तिला घरातूनच लागलं होतं. वडील केरू रणपिसे फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, पलटणीच्या हॉकी संघाचे गोलकीपर. सुट्टीवर आले की त्यांना गोलात उभं राहायचं असायचं आणि समोरून चेंडू मारायला घरात कुणी नसायचं. म्हणून त्यांनी पाच वर्षांच्या लेकीच्या हातात स्टिक दिली. पुढं तिनं मारलेला चेंडू अडवताना त्यांचा अंगठा मोडला, तेव्हा त्यांनी गल्लीभर बर्फी वाटली.

तर त्या रविवारी ती घरी परतली ती गुडघ्यापर्यंत तांबड्या मातीने माखून, आणि पाहुणे आधीच येऊन बसले होते. सांगलीहून लवकरची एस.टी. मिळाली म्हणे. आईने दारातच कपाळावर हात मारला. मागच्या दाराने जायचीही सोय नव्हती, कारण खाटेवर बसलेल्या बाईंनी तिला पाहिलंच होतं.

“पळत आलीस व्हय गं?” त्या बाईंनी विचारलं. त्या बनाबाई होवाळ, मुलाची आई. मूळच्या कवठे महांकाळच्या, आता सांगलीत राहणाऱ्या.

“व्हय,” स्वप्ना म्हणाली. “मॅच लांबली.”

“मग बस की. पाय धू, पानी पी, मग बस. आमी काय पळून चाललो न्हाई.”

स्वप्ना पाय धुऊन, ओढणी सारखी करून येऊन बसली. समोर मुलगा होता. कुणाल नाव. उंच, काटकुळा, हाताची बोटं लांब आणि सोल्डरिंगच्या डागांनी काळी पडलेली. सांगलीत त्याचं टी.व्ही. दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याला लागूनच व्हिडिओ गेमचं पार्लर.

“पोरगी हाकी खेळते,” केरूनाना विषय कुठूनही सुरू झाला तरी इथंच आणायचे. “सेंटर हाफ. नुसती खेळत न्हाई, शिकवती.”

कुणालचा चेहरा एकदम उजळला. “मी पण हॉकी खेळतो!”

स्वप्नाने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. “हो? कुठल्या पोझिशनला?”

“सगळ्याच.”

“सगळ्याच म्हणजे?”

“म्हणजे एकच गडी असतो ना. तोच पळतो, तोच मारतो.” कुणाल उत्साहाने पुढे सरकला. “मशीनवर खेळतो मी. बटणं नाहीत त्याला. आपण हलू तसा पडद्यावरचा गडी हलतो. सांगलीत मला अजून कुणी हरवलेलं नाही.”

स्वप्नाला हसू आवरलं नाही. नुसतं स्मित नव्हे, चांगलं खदखदून हसू फुटलं. आईचे डोळे वटारले गेले.

पण कुणालला राग आला नव्हता. उलट तोही हसत होता. “हसताय काय? येऊन खेळून दाखवा. हरलात तर?”

“आणि जिंकले तर?”

“मग मी तुमच्या ग्राउंडवर येतो. खऱ्या चेंडूनं खेळतो.”

“हरले तरी यायचं,” स्वप्ना म्हणाली. “दोन्हीकडं खेळायचं.”

केरूनानांनी मांडीवर थाप मारली. “ठरलं! आधी सांगली, मंग सातारा!”

“आवं, सोयरिक हाय का शर्यत?” स्वप्नाची आई म्हणाली.

बनाबाईंनी कपातला चहा बशीत ओतला. “होऊ द्या की ताई. न्हाईतरी पोहे खाऊन कुनाचा सभाव कळलाय?”

पुढच्या रविवारी स्वप्ना आणि केरूनाना सांगलीला गेले. पार्लर स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. बाहेर पाटी, आत गाड्यांच्या शर्यतीची आणि मारामारीची बटणांची मशिनं, आणि सगळ्यात मागं, अख्खी भिंत अडवून, ते हॉकीचं धूड. पुण्यातलं कुठलंसं पार्लर बंद पडलं तेव्हा कुणालने ते उचललं होतं. दुसऱ्या कुणाला नको होतं, कारण ते चालत नव्हतं. त्याने ते उघडलं, आतल्या तारा एकेक करून तपासल्या आणि चालू केलं. वर जपानी अक्षरं होती. त्यांचा अर्थ सांगलीत कुणालाच ठाऊक नव्हता, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

समोर मोठा पडदा, आणि जमिनीवर काळ्या प्लॅस्टिकची दोन आठकोनी कडी, शेजारी शेजारी. खेळणाऱ्याने कड्यात उभं राहायचं.

“ह्या कड्यातनं उजेड वर जातो,” कुणाल समजावून सांगू लागला. “दिसत नाही तो. टी.व्ही.च्या रिमोटमधून निघतो ना, तसला. हातानं, पायानं, काठीनं, कशानंही तो अडवला की मशीनला कळतं. पुढच्या बाजूचा अडवला की गडी पुढं पळतो, डावीकडचा अडवला की डावीकडं, उजवीकडचा की उजवीकडं. आणि मागचा अडवला की फटका.”

त्याने मशीन सुरू केलं. पडद्यावर पांढरंशुभ्र मैदान उमटलं आणि त्यावर डोक्याला शिरस्त्राण घातलेले जाडजूड गडी घसरत घसरत आले.

“हे काय? गवत कुठाय?” स्वप्नाने विचारलं.

“आगं, ही बर्फावरची हाकी,” केरूनाना ओरडले. “लेहला असताना बगितलीय मी! तळं गोठतं, त्यावर खेळत्यात. चेंडू न्हाई, चपटी चकती असती. लय भारी!” आणि ते खुर्ची ओढून बसले.

कुणालने छताचा पंखा बंद केला.

“पंखा कशाला बंद केला? शिजून मरू की,” स्वप्ना म्हणाली.

“पंख्याची पाती फिरली की मशीनला वाटतं कुणीतरी हात हलवतंय. गडी आपला आपणच गोल गोल फिरत बसतो.” मग त्याने पुढचं दारही ओढून घेतलं. “आणि दुपारचं ऊन आत आलं की त्याला काहीच दिसत नाही. जरा नाजूक प्रकरण आहे.”

“म्हणजे वारा नको, ऊन नको. आणि ह्याला तुम्ही मैदानी खेळ म्हणता?”

“मी कुठं मैदानी म्हणालो?”

खेळ सुरू झाला. स्वप्ना मशीनसोबत आलेली प्लॅस्टिकची स्टिक घेऊन कड्यात उभी राहिली. वजन नाही, पकड नाही, नुसती फुंकणी. तरी हात आपोआप बसले: डावा वर, उजवा खाली, गुडघे वाकलेले, नजर जमिनीवर. तिने मनगट फिरवलं. चेंडू डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, स्टिकला चिकटल्यासारखा नेण्याची तिची खुबी जिल्ह्यात नावाजलेली होती. बचावाला आलेली पोरगी कुठल्या बाजूला झुकावं हे ठरवेपर्यंत स्वप्ना पुढं गेलेली असायची.

पडद्यावरचा तिचा गडी खांबासारखा उभा होता.

शेजारच्या कड्यात कुणालचं मात्र भलतंच चाललं होतं. एक हात पुढं, मग पाय डावीकडं, मग कमरेतून वळून हात मागं. अंगावर गांधीलमाशी बसल्यागत तो हातपाय झाडत होता. आणि त्याचा गडी बर्फावरून सणसणत गेला, चकती घेतली आणि गोल! पुन्हा गेला, पुन्हा गोल. स्वप्नाने सगळं कसब पणाला लावलं. तिच्या गड्याने एकदा किंचित मान हलवली, बस्स.

“आगं, हल की!” केरूनाना खुर्चीतून ओरडले.

“हलतेय की नाना! ह्याला दिसतच नाही!”

तिला मनापासून राग आला होता. इतक्या वर्षांची मेहनत, आणि ह्या डब्याला तिची मनगटं दिसू नयेत? शेवटी शिट्टी वाजली, तेव्हा कुणालच्या बाजूला गोलच गोल होते आणि तिच्या बाजूला भोपळा.

“सांगलीत कुणी हरवलेलं नाही हं,” कुणाल घाम पुसत म्हणाला.

“खोटं बोलतोय,” मागून आवाज आला. “माझ्याकडून रोज हरतो.”

ही पिंकी, कुणालची धाकटी बहीण. कॉलेजात शिकायची. लहानपणी पोलिओने एक पाय गेलेला, काखेत कुबडी. ती पुढं आली, कुणालने मुकाट्याने कड्यात एक स्टूल ठेवलं, तिने कुबडी भिंतीला टेकवली आणि स्टुलावर बसली.

“घरातल्यांना मी मोजत नाही,” कुणाल पुटपुटला.

“कारण मोजवत न्हाई,” तिच्या मागोमाग आलेल्या बनाबाई म्हणाल्या.

पिंकीने स्टिक घेतलीच नाही. नुसते दोन हात. पण ते हात असे चालले, की स्वप्ना बघतच राहिली. पुढं, बाजूला, पुढं, मागं. एक हात परत येईतो दुसरा गेलेला. तिचा गडी बर्फावर नाचत होता. भाऊ शेजारी घामाघूम होऊन उड्या मारत होता आणि ती बसल्या जागेवरून गोल करत होती. गोल झाला की गल्लीपर्यंत ऐकू जाईल अशी आरोळी ठोकायची.

स्वप्नाच्या डोळ्यांपुढं नववीतली रेश्मा आली. तिचाही पाय असाच. पी.टी.च्या तासाला रेश्मा झाडाखाली बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. तुला काय खेळायचंय, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारणारं दुसरं कोण असणार होतं? स्वप्नाने एकदा पिंकीकडे पाहिलं, एकदा त्या काळ्या कड्याकडे. ह्या डब्याला पाय धड की अधू हे दिसत नव्हतं, हे खरं. पण त्यामुळेच त्याने पिंकीला कधी झाडाखाली बसवलं नव्हतं.

“आता मी,” म्हणत बनाबाईंनी पदर खोचला. त्यांनी स्टिक दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि नदीवर गोधडी बडवावी तशी धाडकन खाली आणली. गडी पुढं पळाला. पुन्हा धाडकन. गडी वळला. तिसऱ्या दणक्याला, कुणालच्या काही लक्षात यायच्या आत, गोल.

“बगा! चुकून मारला तरी गोल हुतो,” बनाबाई म्हणाल्या. “ह्येच लय आवडतं मला.”

स्वप्ना हसून हसून खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं. आणि हसता हसताच तिच्या ध्यानात आलं, की ह्या मशीनला हॉकी येतच नाही. उजेड कुठं अडला एवढंच त्याला कळतं. मनगटाची कला कड्याच्या आतल्या आत राहते, उजेडापर्यंत पोचतच नाही. मग ह्याला हॉकी दाखवण्यात काय हशील? ह्याला दाखवायचं ते हात लांबवून, चारी दिशांना, ठेक्यात.

“पुन्हा एकदा,” ती उठली. स्टिक तिने केरूनानांच्या हातात दिली.

“बिनकाठीची?” कुणालने विचारलं.

“बिनकाठीची.”

खेळ सुरू झाला आणि स्वप्ना लेझीम खेळू लागली. दर पंधरा ऑगस्टला ती शंभर पोरींकडून बसवून घ्यायची, ते सगळे हात तिच्या अंगात भिनलेले होते. एक, पुढं वाकून. दोन, डावीकडं. तीन, उजवीकडं. चार, वळून मागं! तिचा गडी दचकून जागा झाल्यासारखा पळाला. केरूनाना तोंडाने हलगी वाजवू लागले: “डगडग डंग, डगडग डंग!” बटणांच्या मशिनांवरची मंडळी खेळ सोडून मागं येऊन उभी राहिली. स्वप्नाने एक गोल केला, दुसरा केला. कुणाल तिच्या अंगाला खेटून उड्या मारत होता, त्याचा हात चुकून तिच्या कड्यात गेला आणि तिच्या गड्याने आपल्याच गोलाकडे धाव घेतली. “ए, हात आवरा तुमचे!” ती ओरडली. बरोबरी झाली होती. आता जो मारेल तो जिंकणार. स्वप्ना वाकली, डावीकडं गेली, वळली...

आणि लाईट गेली.

पडदा काळा. पार्लरभर एकच “ओऽऽ” उठला.

“आता तासाभराची निश्चिंती,” कुणाल अंधारात म्हणाला. “मशीनमधला सगळ्यात मोठा दोष हाच. तो काही मला दुरुस्त करता येत नाही.”

बाहेर येऊन सगळे भडंग खात बसले. केरूनाना बनाबाईंना लेहच्या थंडीबद्दल सांगत होते, पिंकी मध्येमध्ये प्रश्न विचारत होती. स्वप्ना आणि कुणाल दुकानाच्या पायरीवर होते.

“खरं सांगू?” स्वप्ना म्हणाली. “मजा लय आली. पण ही हॉकी नाही.”

“का?”

“चेंडूच नाही. चेंडू असला की त्याचं वजन हाताला कळतं. मारला की हातापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या जातात. आणि तुमचा गडी एकटाच पळतो, एकटाच मारतो. पास कुणाला देतो?”

“पास कशाला द्यायचा? आपणच मारायचा की.”

स्वप्ना त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

“शाळेत खेळला नाहीत कधी?”

“आमच्या शाळेत क्रिकेट होतं. मला नेहमी बाउंड्रीच्या पलीकडं उभं करायचे, काटेरी कुंपणातला चेंडू काढायला.” तो हे हसत सांगत होता. “म्हणून तर हे मशीन आवडलं मला. ह्याला ग्राउंड लागत नाही, संघ लागत नाही, तुला घेतो का नाही घेत म्हणणारं कुणी नाही. कड्यात उभं राहिलं की घेतलंच. आई खेळते, पिंकी खेळते. पण तुम्ही म्हणता ते... वजन बिजन...” त्याने भडंगाचा शेवटचा घास तोंडात टाकला. “ते बघायलाच पाहिजे.”

ते त्याने पंधरवड्याने बघितलं.

साताऱ्याच्या ग्राउंडवर स्वप्नाने दोन छोटे संघ पाडले होते. एका बाजूला ती आणि तिच्या चार मुली, गोलात रेश्मा. होय, रेश्माच. सांगलीहून परतल्यावर सोमवारी स्वप्नाने तिला विचारलं होतं, आणि रेश्मा क्षणाचाही विलंब न लावता “गोलकीपर” म्हणाली होती. जणू कधीपासून उत्तर तयार ठेवून बसली होती. तिचा उभा राहायचा ढंग वेगळा होता, एका खांबाला टेकून, पण हात विजेसारखे. दुसऱ्या बाजूला कुणाल आणि चार मुली, गोलात केरूनाना, जुने पॅड बांधून. पिंकीला स्वप्नाने विचारलं, “तू काय करणार?” पिंकी म्हणाली, “शिट्टी द्या.”

कुणाल नवे कॅनव्हासचे बूट घालून आला होता. त्याने चेंडू हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. “हा तर दगड आहे!”

“आता खरं कळलं!” केरूनाना गोलातून हसले. “पाव्हनं, नडगी सांभाळा!”

पहिल्याच चेंडूला कुणालने सांगलीच्या सवयीने दोन्ही हात मागं नेऊन काठी आभाळात फिरवली. “स्टिऽऽक!” सगळ्या पोरी ओरडल्या. पिंकीने कर्कश शिट्टी फुंकली. “काठी खांद्याच्या वर. फाउल. दादा, मागं हो!” दुसऱ्यांदा तो जोरात धावला आणि चेंडू मागंच राहिला. तिसऱ्यांदा चेंडू त्याच्यापर्यंत आला, पण स्वप्नाने मनगट नुसतं वळवलं, तो डावीकडं झुकला, ती उजवीकडून निघून गेली. चौथ्यांदा चेंडू सरळ नडगीवर बसला आणि कुणाल एका पायावर नाचत ग्राउंडची निम्मी फेरी मारून आला. कडेला बसलेल्या बनाबाई आणि स्वप्नाची आई एकमेकींना धरून हसत होत्या. एकदाच त्याला गोलासमोर मोकळी जागा मिळाली. त्याने सगळं बळ एकवटून मारला आणि रेश्माने तो इतक्या सहज बाजूला सारला की जणू वाटेतली काडी.

मध्यंतरात तो गवतावर आडवा पडला. श्वास भात्यासारखा चाललेला.

“थांबू या?” स्वप्नाने विचारलं.

“थांबू? आत्ता तर कळायला लागलंय!” तो उठून बसला. “चेंडू माझ्याकडं यायच्या आधीच जमिनीतनं त्याचा आवाज येतो. तो मशीनमध्ये नाही.”

स्वप्नाला हे वाक्य फार आवडलं. तिने एका मुलीला पलीकडं पाठवलं आणि कुणालला आपल्या बाजूला घेतलं. “आता एकच करायचं. मी चेंडू दिला की थांबवायचा. मारायचा नाही. थांबवायचा, वर बघायचं, आणि मी जिथं असेन तिथं ढकलायचा. पळायला मी आहे.”

“आणि तुम्ही तिथं नसला तर?”

“असेन.”

खेळ पुन्हा सुरू झाला. दोनदा त्याच्याकडून चेंडू सुटला. एकदा त्याने थांबवला खरा, पण आनंदाच्या भरात तसाच उभा राहिला आणि एका सातवीतल्या पोरीने तो उचलून नेला. मग एकदा स्वप्नाने मधून त्याला चेंडू दिला. खटक. काठीला चेंडू बसल्याचा नेमका आवाज आला. कुणालने मान वर केली. स्वप्ना जिथं होती तिथं आता नव्हती. ती डाव्या कडेने सुसाट सुटली होती. क्षणभर त्याला वाटलं आपणच मारावा, गोल समोर दिसतोय. हात मागं गेलेही. पण त्याने ते खाली आणले आणि चेंडू तिच्या वाटेत, तिच्या पुढ्यात, हलकेच ढकलला.

स्वप्नाने न थांबता तो उचलला. समोर बाप होता, पॅड बांधून, हात पसरून. ह्या माणसाने तिला गोल कसा मारायचा ते शिकवलं होतं, आणि कुठला गोल आपल्याला अडवता येत नाही हे मात्र कधीच सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनंच शोधलं होतं. तिने उजवीकडं मारल्याचा आव आणला, नाना उजवीकडं आडवे झाले, आणि चेंडू त्यांच्या बुटाला घासून खांबाच्या आत गेला.

पोरींनी ग्राउंड डोक्यावर घेतलं. पण सगळ्यात मोठ्याने ओरडत होता तो कुणाल. काठी टाकून, दोन्ही हात वर करून, लंगडत लंगडत तो तिच्याकडं पळत येत होता.

“झाला! आपला गोल झाला!”

“आपला” म्हणाला, हे स्वप्नाच्या लगेच लक्षात आलं. सांगलीत तो प्रत्येक गोलाला “माझा” म्हणत होता.

“ऑफसाईड!” केरूनाना मातीतून उठत ओरडले. “ह्यो गोल धरायचा न्हाई! पोरगी फुडं हुती!”

पिंकीने ठाम मान हलवली. “गोल.”

“आगं पोरी, मी पलटनीला खेळलोय—”

“अंपायरशी वाद घालू नका नाना, न्हाईतर बाहेर काढीन.”

नाना तोंड मिटून गोलात परतले. तिथून त्यांचं पुटपुटणं बराच वेळ ऐकू येत होतं.

खेळ संपल्यावर मुली आपापल्या घरी गेल्या. कुणाल चिंचेखाली बसून नडगीवर ओला रुमाल दाबत होता. तिथं लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. स्वप्ना शेजारी येऊन बसली.

“एक विचारते. स्पष्ट सांगायचं.”

“विचारा.”

“लग्नानंतर मी खेळणार. आणि ही नोकरी, ह्या पोरी, मला सोडवणार नाहीत. सांगलीत नवी नोकरी बघता येईलही, पण हा संघ मी दोन वर्षांत उभा केलाय.”

कुणालने थोडा वेळ टेंगळाकडे पाहिलं. मग ग्राउंडकडे.

“मशीन उचलून साताऱ्याला आणता येईल,” तो सावकाश म्हणाला. “टी.व्ही. तर काय, साताऱ्यातही बिघडत असतील. ग्राउंड काही मला सांगलीला नेता येणार नाही.”

स्वप्नाला वाटलं होतं तो विचार करतो म्हणेल, आईला विचारतो म्हणेल.

“पण आईला विचारायला पाहिजे,” कुणालने पुस्ती जोडलीच, आणि ती हसली.

बनाबाईंना विचारलं तेव्हा त्या रणपिसेंच्या घरी ओट्यावर बसून स्वप्नाच्या आईकडून हुलग्याच्या माडग्याची कृती ऐकत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पिंकीकडे पाहिलं. पिंकी म्हणाली, कॉलेज साताऱ्यातही आहे आणि अंपायरची गरज इथं जास्त दिसते.

“कृष्णाकाठ सुटंल तेवढाच जीवाला घोर,” बनाबाई म्हणाल्या.

“आवं, कृष्णा हितनंच तर येती तुमच्याकडं,” केरूनाना म्हणाले. “आमी वापरून सोडल्यालं पानी पिताय तुमी सांगलीत. हितं या, ताजं प्या.”

बनाबाई डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा सगळा देह हसण्याने हलू लागला. “तुमी व्याही म्हनून लय जड जानार मला,” त्या म्हणाल्या, आणि त्यावरून घरातल्यांना उत्तर कळलं.

स्वप्नाच्या आईने लगबगीने साखर आणली. मग तारखेची बोलणी निघाली. वैशाखी पौर्णिमेच्या आसपास, शाळेला सुट्टी असताना, विहारात, असं नानांचं म्हणणं पडलं. उन्हाळ्यात लेकरं येत्यात, धंद्याचा मोसम असतो, असं बनाबाईंचं. बोलणी रंगात आली तसा कुणाल हळूच उठून अंगणात आला. स्वप्ना तिथं स्टिकांवरची माती पुसून त्या भिंतीला लावत होती.

“आत नाही बसलात? तुमच्याच लग्नाचं चाललंय,” ती म्हणाली.

“ते त्यांचं ते ठरवतील.” त्याने भिंतीची एक स्टिक उचलली, डावा हात वर धरला, उजवा खाली. मग चुकलं असं वाटून उलटं धरलं, मग पुन्हा सरळ. “अजून उजेड आहे. आणखी एक पास द्या ना. सावकाश द्या, पाय दुखतोय.”

स्वप्नाने पायाने चेंडू अंगणाच्या मध्ये आणला आणि हलकेच त्याच्याकडं ढकलला.